दोष माझ्या शिशाला

आमच्या केंटकीच्या डोंगरात बाईच्या स्वयंपाकाला नावं ठेवली तर ती एकवेळ गिळेल. माझ्या पिस्तुलाच्या गोळ्यांना नावं ठेवलेली मी ऐकून घेत नाही. एकतीस वर्षं मागच्या छपरीत शिसं वितळवते, साच्यात ओतते, मेण लावते. दर शरदात चर्चच्या मैदानात पिस्तुलाची नेमबाजी होते. तिथली बक्षिसाची खारवलेली डुकराची मांडी आमच्याच घरी येते, ती माझ्या गोळ्यांच्या जोरावर.

यंदा शर्यतीला चार दिवस असताना माझा लेक हार्मन सरावाचा कागद नाचवत आला. सहा गोळ्या, सहा दिशांना.

"आई, नळीत शिसं चिकटतंय. यंदा दुकानातल्या घेऊ का?"

"घे की! आईसुद्धा दुकानातलीच आण."

बोलले खरं, पण डोळा गेला जावयावर. डेल टायरच्या दुकानात कामाला, चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं माझ्या कढईसाठी तोच बादलीभर आणतो. हल्ली त्यात जस्ताचीही असतात, आणि जस्त मिसळलं की आख्खी कढई नासते. वर हा सपाटीवरचा माणूस. सपाटीवरच्यांचं मन कुठे वळेल सांगता येत नाही.

मी अंगणात बादली उपडी केली आणि एकेक वजन पकडीत दाबलं. शिसं दबतं, जस्त दबत नाही.

डेल पायरीवर बसून बघत होता. "सासूबाई, दात लावून बघा."

"तुझ्या हातचं मी दाताला लावत नाही."

सगळं दबलं. एकही खोटं निघालं नाही. मला वाईटच वाटलं.

मग हार्मनकडून पिस्तूल घेतलं, रिकामं केलं आणि नळीतून उन्हाकडे पाहिलं. शिशाच्या थराखाली तांबूस रेघा. माझ्या गोळीत तांबं कुठलं? तांब्याचं कवच असतं दुकानातल्या गोळीला. आधी कुणीतरी त्या झाडल्या होत्या आणि नळी न घासता वर माझ्या झाडल्या होत्या. तांब्यावर शिसं चिकटणारच.

"डेल, तू?"

"मला पिस्तुलाच्या कपाटाची किल्ली कोण देतंय? मी जेवून उठलो की तुम्ही चमचे मोजता."

किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक हार्मनकडे.

हार्मन बुटांकडे बघत म्हणाला, "नेमबाजीतली पोरं हसतात गं. आईच्या हातच्या गोळ्या म्हणतात. दोन डब्या आणून बघितल्या, एवढंच."

"आणि दोष माझ्या शिशाला! नळी घास."

फडकं पांढरं निघेपर्यंत त्याला घासायला लावलं. मग पिस्तूल डेलला दिलं. सहा गोळ्या माझ्या. सहाही बशीएवढ्या जागेत.

"आई, शनिवारी मी..."

"शनिवारी डेल उभा राहील. किल्ली दे इकडे."

डेल खुशीत हसला. मी नाही. घरचा झाला म्हणून काय झालं? हार्मनही घरचाच होता.