काळी तार

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची तार आहे. बोटभर लांब आणि रंगाने काळी. चांदी आणि काळी, म्हणून हसू नका. माझी सगळी विद्या त्या काळेपणातच आहे.

आमच्या कानडी शहरातल्या शिवाजीनगरच्या एका कारागिराने मला ओढलं. मेंदूच्या पेशींवर संशोधन करणाऱ्या संयोगिताने मला ब्लीचमध्ये बुडवून काळा थर चढवला. तेव्हापासून चार वर्षं मी तिच्या प्रयोगशाळेत, वाटीतल्या खारट पाण्यात पाय सोडून बसते. त्या पाण्यात जिवंत पेशी असतात. त्यांच्या अंगावर इवली दारं असतात. निकोटीन आलं की ती उघडतात आणि विजेचा बारीक प्रवाह आत शिरतो. निकोटीन हटेचना, तर दारं बधिर होतात. ती कधी बधिर होतात आणि धुतल्यावर कधी शुद्धीवर येतात, हाच संयोगिताचा पीएचडीचा विषय. त्यासाठी पडद्यावरची प्रवाहाची रेघ स्थिर लागते आणि त्या काळ्या थराच्या जोरावर ती स्थिर ठेवणं माझं काम. "हिने मला कधी दगा दिला नाही," असं ती कौतुकाने म्हणायची.

गेल्या खंडेनवमीला नागोजी अण्णांनी सगळ्या यंत्रांची पूजा केली. अण्णा इथले जुने मदतनीस, भाविक माणूस. घरी चांदीचे देव विभूतीने घासतात, तसं त्यांनी मलाही घासलं. मी लख्ख झाले आणि कामातून गेले. वर झेंडूचं फूल मिळालं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवसापासून रेघ सरकू लागली. संयोगिताला वाटलं, पेशीच मरताहेत. तिने कितीतरी वाट्या फेकल्या. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत जमलं नाही, तर विषय सोड."

ती नुसती "हो" म्हणाली. पुढे ती रागावली नाही, रडलीही नाही. यायची, रेघ बघायची, बाहेर जाऊन अण्णांची कॉफी प्यायची, घरी जायला जे. पी. नगरची बस धरायची. मी समोर चकाकत होते, पण तिला दिसत नव्हते. मलाही काही वाटेनासं झालं होतं.

दिवाळीला दोन दिवस उरले तेव्हा अण्णा त्यांच्या कानडी वळणाने सहज म्हणाले, "अक्का, तार पुन्हा स्वल्प मळलीय. पूजेला घासली तशी विभूतीने घासू का?"

संयोगिताने मला उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं.

"नको अण्णा," एवढंच म्हणाली आणि मला ब्लीचमध्ये सोडलं.

संध्याकाळी मी काळी होऊन पाण्यात उतरले. रेघ सरळ झाली. दारं उघडली, बधिर झाली, धुतल्यावर पुन्हा उघडली. संयोगिता दारापाशी गेली, कॉफीचा एक घोट घेतला आणि थांबली.

"अण्णा, यात साखर नाही."

"वीस दिवस नाही, अक्का. डॉक्टरांनी माझी बंद केली, म्हणून एकाच भांड्यात करतो. तुम्ही काही बोललाच नाहीत."

तेव्हा कुठे तिला रडू आलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण घासायच्या आधी विचारा. आणि एखादं माणूस वीस दिवस बिनसाखरेची कॉफी मुकाट्याने पीत असेल, तर त्यालाही विचारा.