रंगाचा रकाना

१९९८ साली इंग्लंडच्या मध्यभागातल्या त्या तुरुंगाच्या भिंतींना अजून हिरवा तेलरंग होता, आणि देखरेख मंडळाच्या सभासदांना चहाबरोबर घरची बिस्किटं मिळत. कैद्यांवर अन्याय होत नाही ना, हे पाहणं मंडळाचं काम; सभासदांना मंत्री नेमत, आणि प्रत्येकाकडे तुरुंगाच्या चाव्या असत. वर्ना गिटन्स त्यावरची एकटीच काळी बाई. तरुणपणी बार्बाडोसहून आलेली, जन्मभर सुईणीचं काम केलेली.

त्या मंगळवारी ती शिक्षेच्या कोठड्यांकडे गेली. रिवाज असा, की शिपायानं दार उघडून तिथंच उभं राहायचं आणि सभासदानं विचारायचं, "काही तक्रार?" कैदी मान हलवायचा, की दार बंद.

"तुम्ही जरा लांब व्हा," वर्ना म्हणाली.

"कशाला बाई, गुपितं आहेत का?" शिपाई कुरकुरत सरकला.

आत पोरगेला एरल. लघवीचा, कुबट गादीचा भपकारा.

"मावशी, मारामारी दोघांनी केली. गोऱ्या डीनला नुसती समज, आणि मला इथं कोंबलं. आता सुटका लांबणार. आजी तोवर टिकायची नाही हो. तिनंच वाढवलंय मला."

तुरुंगात गोरे जास्त. इथं मात्र एक दार सोडलं तर सगळीकडे काळेच चेहरे. वर्ना एकेक दार मोजत गेली.

वर मंडळाच्या सभेत वार्षिक अहवाल सहीला फिरत होता : 'सर्वांना समान वागणूक.'

"शिक्षेच्या नोंदीत कैद्याचा वर्ण का नसतो?" तिनं विचारलं.

अधीक्षक हॅलिवेल हसले. "आम्ही रंग बघतच नाही, वर्ना."

"न बघता मारलेली काठी नेमकी काळ्याच पाठीवर कशी बसते हो?"

अध्यक्षीणबाई जीननं बशी पुढे केली. "अगं, बिस्किट घे. सही कर नि मोकळी हो."

"खालचा वास येतोय त्याला. सही नाही करणार. एरलची शिक्षा पुन्हा तपासा. आणि यापुढं प्रत्येक शिक्षेपुढं रंग मी लिहिणार."

"मग चाव्या ठेवून जा," अधीक्षक म्हणाले.

"मंत्र्यांनी दिल्यात. त्यांनाच मागू दे."

मंत्र्यांनी मागितल्या नाहीत. हॅलिवेल बढती घेऊन मोठ्या तुरुंगावर गेले. जीननं वर्नाशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत. वर्ना गुडघे थकेस्तोवर जात राहिली. चार वर्षांनी रंगाचा तो रकाना सरकारी नोंदवहीतच आला. एरलची शिक्षा रद्द झाली, पण तोवर आजीला पुरलं होतं.

आकडे आता दरवर्षी छापून येतात. काळ्यांचा आकडा अजूनही वरच असतो. माणसं तो वाचतात, आणि पान उलटतात.