रिकाम्या माळावरची चूल

फोटोत माळ रिकामा होता. फक्त एका कडेला तीन काळे दगड. संस्कृतीनं ते मोठे करून पाहिले, आणि तिच्या कानाजवळची नाडी माझ्या गादीवर धडधडू लागली.

मी तिचा हेडफोन. जन्मलो कुठल्याशा कारखान्यात, पण वाढलो लंडनला, एका बड्या वकील कंपनीच्या चौथ्या मजल्यावर. तिथं तीस नवे वकील कागद वाचायचे. शंका आली की माझी पहिली मालकीण एमा मला गळ्यात अडकवून साहेबांच्या दाराशी जायची. टकटक करण्याआधी तिचाही श्वास अडकायचा.

मग ते वाचन बीडला स्वस्तात होऊ लागलं. मजला ओस पडला, आणि मी खोक्यातून इथं, एसटी स्टँडमागं एका शिकवणी क्लासवरच्या माडीतल्या ऑफिसात आलो. आता कागद बीडला वाचतात, मनिलात तपासतात, सही लंडनला होते. स्वप्नात चालल्यासारखा कागद चालत राहतो. ठोठवायला दार मात्र कुठंच नाही.

संस्कृती गेवराईजवळच्या तलवाड्याची, एलएलबी झालेली. कडी वाजली तरी दचकते. दोन वर्षांत तिनं माझ्यातून नुसतं ऐकलं. माइकची दांडी कायम वर दुमडलेली. इथल्यांनी विचारायचं नसतं, रकान्यात खूण करायची.

आजचा रकाना होता, ‘जमिनीवर कुणाचा वापर?’ एक परदेशी कंपनी सौर प्रकल्पासाठी गेवराईकडचं गायरान भाड्यानं घेत होती. सही आपल्या घड्याळात चार वाजता. फोटो जानेवारीतले.

“उज्ज्वलाताई, हितं मेंढरं बसतात,” ती टीमच्या प्रमुख बाईंना म्हणाली.

“फोटोत एक तरी मेंढरू दाव. न्हाई ना? मग मार खूण. लंडनवाले काय तुला पालखीत बसवणार हायत?”

संस्कृतीनं आपल्या मोबाइलवरून गावच्या कडूबाईला फोन लावला. दिवाळी झाली की ती कळप घेऊन गोदाकाठानं परभणीकडं उतरते.

“जेष्ठात येतो की आमी माळावर. चूल मोडलेली न्हाई. काहून गं, कुणी दगड हलवले का?”

“न्हाई मावशी. अजून न्हाई.”

चूल न मोडता जाणं म्हणजे परत येतो म्हणून सांगून जाणं. तलवाड्यात हे कुणालाही कळतं. कागदावर मात्र तिथं ‘कुणी नाही’ असंच लिहिलं जाणार होतं.

पावणेचारला तिनं माझी दांडी ओठांपाशी ओढली. कागदाखाली सही करणाऱ्या वकिलाचा नंबर होता. एकदा लावला, वाजून थांबला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा घंटा वाजू लागली, खोल पाण्याखालून यावी तशी लांबची.

पोरी, मी मनात म्हटलं, आवाज थरथरला तर थरथरू दे. फोन तेवढा ठेवू नकोस. मी दोन्हीकडच्या मजल्यांवर राहिलोय. भीती सगळीकडं सारखीच ऐकू येते.

घंटा थांबली. पलीकडं कुणीतरी श्वास घेतला, आणि साहेबांच्या दाराशी अडकायचा तो श्वास मला ओळखू आला.

“बोला,” एमा इंग्रजीत म्हणाली, “मी ऐकतेय.”