ज्वारीच्या वावरात टांगलेली सीडी

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी प्लेयर आहे. अंगाने चपटा, रंगाने काळा, आणि डाव्या कोपऱ्यावर पापडाच्या डब्याने पाडलेला ओरखडा. माझ्यावर कोणी धडा लिहावा असं मी काही केलेलं नाही. पण यंदाच्या जानेवारीत आमच्या घरात जे घडलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण ते कुणाच्याही घरात घडू शकतं.

आमचं घर चाकणजवळच्या एका गावात आहे. गोरक्ष कंपनीत पर्मनंट झाला त्या दिवाळीत त्याने मला आणलं. त्याच्या वडिलांनी, बाळाजींनी, मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "एवढ्याशा डब्यात एवढी मानसं मावत्यात व्हय?" पण संध्याकाळी पिक्चर लागला तेव्हा सगळ्यात पुढे तेच बसले. रविवारी निम्मी आळी आमच्या ओसरीवर असायची. चाकणहून भाड्याने आणलेल्या सीड्या फार वाईट असत. कुणी त्यांच्यावर चहाची कपबशी ठेवलेली, कुणी त्या गाडीच्या डिकीत तापवलेल्या. तरी मी त्या वाचायचो. "गोरक्षचा प्लेयर कसलीबी सीडी ओढतो," असं लोक म्हणत, आणि खरं सांगतो, त्या काळात मी जरा चढून गेलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात गोरक्षच्या धाकट्या बहिणीचं, हर्षालीचं, लग्न झालं. मांडव घरामागच्या शेतात पडला होता. तिथे आता गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम आहे. शूटिंगवाल्याने लग्नाची एक सीडी करून दिली. ती मी इतक्या वेळा फिरवली की कोण कुठे शिंकलं हेही मला पाठ होतं. दोन वर्षांनी बाळाजी गेले. त्यानंतर त्यांच्या पत्नी, गवराबाई, ती सीडी लावू देईनात. बघवत नाही, म्हणायच्या. मलाही ते पटलं.

मग मोबाइल आले आणि माझं काम संपलं. मागच्या दिवाळीत भिंतीवर मोठा टीव्ही आला. त्याला बोललेलं समजतं. "आता सगळं नेटवरनं येतं, सीड्या कशाला?" म्हणत गोरक्षने मला पोटमाळ्यावर ठेवलं आणि सीड्यांची पिशवी दाराआड टाकली. हा टीव्ही मात्र लहरी आहे. गोरक्षने एक पिक्चर अर्धा पाहून ठेवला होता. आठवड्याने बघतो तर तो नेटवरूनच काढून टाकलेला. मी आयुष्यात कुणाचा पिक्चर अर्ध्यातून परत नेला नाही. असो.

जानेवारीत राहिलेल्या वीस गुंठ्यांतली ज्वारी दाण्यावर आली. पाखरं बसू नयेत म्हणून गवराबाईंनी दाराआडची पिशवी उचलली आणि एकेक सीडी दोऱ्याला बांधून वावरभर टांगली. आमच्याकडे सगळेच तसं करतात. सीडी वाऱ्यावर फिरते, ऊन चमकतं, पाखरं उडतात. गवराबाईंना वाचता येत नाही. त्यांना सगळ्या सीड्या सारख्याच.

आठवड्याने त्यांची नात, गोरक्षची मुलगी तेजल, सुट्टीला घरी होती. ती एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. ती रिमोटशी बोलून गाणी लावत होती. ते पाहून गवराबाई जवळ सरकल्या. "ह्याला म्हनावं, आमच्या हर्षालीचं लगीन लाव." तेजल हसली, पण तिने तसं म्हटलं. टीव्हीने शंभर लग्नं दाखवली. सगळी परक्यांची.

"आजी, ते ह्यात नसतं गं. आत्ताच का आठवलं?"

गवराबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आज्ज्याचं त्वांड आठवतंय, फोटू हाय भितीवर. पर आवाज ठरत न्हाई मनात. परवाधरनं आठवून बघतीया, दुसऱ्याच कुनाचा येतोय."

पोटमाळ्यावर मला हे स्वच्छ ऐकू आलं. तो आवाज त्या एका सीडीशिवाय कुठेही नव्हता. तेजलने पिशवी शोधली. गोरक्ष म्हणाला, "सीड्या तर आईनंच वावरात नेल्या की."

गवराबाई उठून दाराकडे निघाल्या. "म्याच टांगली? माझ्या हातानं?"

वावरातलं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगतो. तिघंही ज्वारीत शिरली आणि तेजलने एकेक सीडी हातात धरून वाचली. बांधाकडच्या ओळीत ती सापडली. वरची शाई उडाली होती, 'र्षाली' एवढंच उरलं होतं. खालच्या बाजूला धूळ आणि चरे.

मला खाली काढलं. नव्या टीव्हीला माझ्या तीन रंगांच्या पिनांसाठी जागाच नव्हती. तेजल आकुर्डीला जाऊन एका जुन्या दुकानातून जोडवायर घेऊन आली. दुकानदाराने म्हणे विचारलं, "प्लेयर अजून आहे तुमच्याकडे?" तोवर दुपार टळली होती आणि गवराबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

पहिल्यांदा मी सीडी फिरवली आणि 'डिस्क नाही' असं दाखवलं. मित्रांनो, तेव्हा मला लाज वाटली. तेजलने सीडी मऊ कापडाने पुसली, गोल नव्हे, मधून कडेला सरळ. दुसऱ्यांदाही तेच. तिने पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा मी जोर लावला आणि मांडव दिसला.

हळद गेली, अक्षता गेल्या, चित्र अडखळत राहिलं. मग पंगत आली. कॅमेऱ्यासमोर पांढऱ्या टोपीतले बाळाजी, हातात बुंदीची परात.

"अरं माझं काय काढतूस, पोरीचं काढ की! आन् जेवून जा बरं का. उपाशी जाऊ नगंस."

आणि तिथेच चित्र थिजलं. पुढचं मला वाचता येईना. तेजलने मागे नेलं. पुन्हा तेच: जेवून जा बरं का, उपाशी जाऊ नगंस. पुन्हा मागे. पुन्हा तेच. गोरक्ष तोंड फिरवून उभा राहिला.

तिसऱ्या वेळी गवराबाई म्हणाल्या, "व्हय, जेवते." आणि उठून खरंच भाकरी वाढून घेतली. टीव्हीसमोरच बसून जेवल्या.

तेवढा तुकडा तेजलने मोबाइलवर आणि दोन ठिकाणी उतरवून ठेवला. तरी सीडी तिने टाकली नाही. त्यांच्या कंपनीत प्रत्येक लॉटचा एक नग कपाटात जपून ठेवतात. उद्या तक्रार आली तर मूळ नग पाहता यावा म्हणून. तशीच चिठ्ठी तिने सीडीला आणि मला लावली: 'मूळ नग. फेकू नये.'

गवराबाई म्हणाल्या, "मला कुठं वाचाया येतंय?" आणि त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी फाडून सीडीच्या पाकिटाला बांधली.

मित्रांनो, माझ्यासारखे प्लेयर आता कोणी विकत घेणार नाही, आणि मीही फार वर्षं चालणार नाही. त्याची तक्रार नाही. पण तुमच्या घरात दाराआड, माळ्यावर, एखाद्या पिशवीत कुणाचा तरी आवाज पडलेला असेल. तो मी किंवा माझा कुणी भाऊबंद चालतोय तोवर काढून ऐका, उतरवून घ्या. आणि त्याला खूण करा, घरातल्या सगळ्यांना ओळखू येईल अशी.

आमच्या वावरात आता एक दोरा मोकळाच हलतो. तिथली ज्वारी पाखरं खातात. गवराबाई त्यांना हाकलत नाहीत. "खाऊ द्या," म्हणतात, "उपाशी कशाला जायची?"