उलटा बसवलेला उंबरठा

मित्रांनो, मी एक जुना दगडी उंबरठा आहे. हट्टी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

एका लोहाराच्या घरासाठी गवंड्याने मला घडवले. त्या घरातल्या पाच पिढ्या माझ्यावरून आल्या-गेल्या. पावलांनी माझी पाठ इतकी झिजली, की खळग्यात पाणी साचू लागले. तेव्हा घरधनी म्हणाला, "नवा दगड कशाला? हाच उलटा करून बसवू." झाले! माझी पाठ गेली मातीत आणि कोरे पोट आले वर. "काय मजबूत दगड आहे!" असे पाहुणे म्हणत, तेव्हा मी फुगून जाई.

पुढे काही वर्षांतच गावची विहीर आटली. एकेक घर उठून गेले. सर्वांत शेवटी लोहाराची सून निघाली. माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "आम्ही येऊ परत. तोवर जागा धरून ठेव हं."

मी मनोमन कबूल केले. भिंती पडल्या, छप्पर कुजले, अंगावर गवत माजले. शेकडो वर्षे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. फार वाईट वाटे, पण मी तसूभरही हललो नाही.

मग येथून रस्ता न्यायचे ठरले. गाव खरेच जुने असेल तर रस्ता वळणार, नाहीतर सगळे सपाट होणार होते. उत्खनन करणाऱ्या बाईंनी माझ्यावरची माती झाडली आणि त्या हिरमुसल्या. "झीज अगदीच थोडी आहे. इथे लोक फार दिवस राहिलेले दिसत नाहीत."

"मग उद्या मशीन आणतो," अभियंता म्हणाला.

माझा जीव कासावीस झाला. अहो, पाठ बघा ना माझी! पण दगडाचे ऐकणार कोण?

तेवढ्यात खोदकामावरची गवंडीण पुढे आली. "थांबा हो बाई! याला उलटून तर बघा. माझ्या सासऱ्यांनी आमचा उंबरठा असाच फिरवलाय."

चौघांनी पहारी लावल्या. माझी पाठ उन्हात आली आणि बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! इथे तर पिढ्यान्‌पिढ्या नांदल्यात!"

रस्ता वळला. मला पुन्हा माझ्या जागी बसवले.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा उलटून पाहत जा. लोहाराची सून काही परत आली नाही, पण हे जुने गाव बघायला तुम्ही आलात. या, आत या. जागा मी धरून ठेवली आहे.