वगळलेले ठिपके

प्रोब म्हणजे वहीएवढा पांढरा डबा. जूनमध्ये तो मी सुरतमधल्या कतारगामच्या आमच्या कारखान्यात नेटवर्कला जोडला, तेव्हा मला संगणक आणि नेटवर्क सांभाळायच्या नोकरीला लागून दोन महिने झाले होते. आमच्याकडे साड्यांवर डिजिटल छपाई होते. व्यापारी डिझाइन इंटरनेटवर ठेवतात, लिंक पाठवतात आणि छपाई यंत्राचा संगणक ते उतरवून घेतो. तीन नंबरच्या यंत्रावर हे उतरवायला फार वेळ लागतो, असं ललितभाऊंचं म्हणणं होतं. ते बारा वर्षांपासून यंत्र चालवत होते. हसमुखभाई शेठचं म्हणणं वेगळं होतं: ललित मोबाइल बघत बसतो. यंत्राच्या नोंदीत रोज चाळीसेक मिनिटं ‘ऑपरेटरमुळे थांबलं’ अशी पडत, कारण त्या यंत्राला थांबण्याचं दुसरं कारण माहीतच नव्हतं.

शेठ म्हणाले, “बेन, तमे मापी आपो. एटले वात पूरी.” मोजून द्या म्हणजे विषय संपेल.

मोजायचं होतं ते सोपं. संगणकाला सर्व्हरचं नाव माहीत असतं, पत्ता नसतो. तो आधी डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, पत्ता विचारतो आणि उत्तर आलं की पुढचं काम सुरू होतं. हे उत्तर यायला किती वेळ लागतो ते प्रोब मोजणार होता. मी आमच्या सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याच्या सर्व्हरचं नाव त्यात घातलं. दर मिनिटाला एकदा विचार, उत्तराचा वेळ लिहून ठेव. पहिल्याच दिवशी एक हजार चारशे चाळीस मोजमापं मिळाली. बहुतेक सगळी दोन मिलिसेकंदांच्या आसपास. चोवीस मात्र पाच सेकंदांच्या थोडी वर.

त्या चोवीसांमुळे आलेख बिघडला. उभा अक्ष पाच हजारांपर्यंत ताणला गेला आणि खालची सुंदर, सपाट रेघ तळाला चिकटून दिसेनाशी झाली. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला रेषेत न बसणारं वाचन आम्ही सगळेच वगळायचो. जर्नलमध्ये ‘निरीक्षणातील चूक’ असं लिहिलं की मॅडम सही करायच्या. मी सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात टिक केली: एक सेकंदावरची मोजमापं दाखवू नयेत. आलेख लगेच स्वच्छ झाला. मला तो आवडला, हे मला आठवतं.

महिनाभराचा आलेख छापून मी शेठना दिला. ललितभाऊंना तीन नंबरवरून काढून घडीच्या टेबलावर बसवलं. तिथे छापून आलेल्या साड्या दुमडायच्या, पुठ्ठा घालायचा. यंत्र धर्मेंद्र नावाच्या दुसऱ्या ऑपरेटरला मिळालं.

चार दिवसांनी ललितभाऊंची आई आली. मालतीबाई घरी बसून साड्यांना टिकल्या लावण्याचं काम करतात, गठ्ठा द्यायला कारखान्यात येतात. त्या दिवशी गठ्ठा ठेवून त्या थेट शेठच्या केबिनच्या दाराशी उभ्या राहिल्या, मुलाला यंत्रावरून का काढलं ते विचारायला. शेठने मला बोलावलं. “तमे मराठी छो ने, आने समजावो.” तुम्ही मराठी, तुम्हीच यांना समजवा.

आमचं घर सुरतमध्येच, अडाजणला, बाबा बँकेत. मालतीबाईंची खानदेशातली अहिराणी मला कळते, बोलता येत नाही. मी त्यांना आलेख दाखवला. “ही रेघ बघा, मावशी. रेघ खाली म्हणजे उत्तर लवकर आलं. महिनाभर खालीच आहे.”

“म्हंजे मना पोऱ्या खोटं बोलस?”

“तसं मी म्हणत नाही. नेटवर्क व्यवस्थित आहे, एवढंच यातून दिसतं.”

त्यांनी कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मान हलवली आणि गेल्या. मला तेव्हा वाटलं होतं, किती सोप्या भाषेत सांगितलं आपण.

सात आठवड्यांनी यंत्राच्या नोंदी माझ्याकडे आल्या. धर्मेंद्रच्या नावावरही रोज अडतीस, एकेचाळीस, चाळीस मिनिटं. मी खाली जाऊन विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, मोबाइल तर मी आल्या आल्या लॉकरमध्ये ठेवतो. शेठचा डोळा आहे ना या खुर्चीवर.”

मी वर येऊन तो चौकोन शोधला आणि टिक काढली. ठिपके परत आले. रोज चोवीस, प्रत्येक तासाला एक. सगळे पाच सेकंदांच्या जरा वर. चुका इतक्या शिस्तीत येत नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.

उलगडा व्हायला वीस मिनिटं लागली. मिळालेला पत्ता आमचा राउटर तासभर लक्षात ठेवत होता. माझा प्रोब दर मिनिटाला तेच नाव विचारायचा, म्हणून त्याला जवळजवळ नेहमी आठवणीतलंच उत्तर मिळायचं. तासातून एकदा आठवण पुसली जायची, तेव्हाच राउटर बाहेर विचारायचा. बाहेरचे दोन डीएनएस सर्व्हर नोंदवलेले होते. त्यातला पहिला कधीचा बंद पडलेला. पाच सेकंद त्याची वाट बघून मग दुसऱ्याला विचारणं. बाकीच्या यंत्रांवर ठरलेल्या व्यापाऱ्यांचीच कामं असायची; ललितभाऊंकडे दर वेळी नव्या व्यापाऱ्याची लिंक, नवी नावं, एकेका डिझाइनमागे पाच-सहा. प्रत्येकाला पाच सेकंद. मी जे वगळलं होतं नेमकं तेच त्यांच्या वाट्याला दिवसभर येत होतं.

बंद सर्व्हरचा पत्ता मी बदलला. नवी नावं विचारून बघितली: तीस मिलिसेकंद. मग शेठकडे गेले आणि सगळं सांगितलं, चौकोनातल्या त्या टिकसकट.

शेठनी ऐकून घेतलं. “हवे चाले छे ने? बस. ललितने काले मशीन पर पाछो मूकी दउं छुं.” ललितला उद्या परत यंत्रावर बसवतो. मग आवाज खाली आणून म्हणाले, “टिकवाळी वात कोईने कहेवानी जरूर नथी, बेन.” कोणाला सांगायची गरज नाही. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ललितभाऊ यंत्रावर बसायच्या आधी वर आले. हातात पेढ्यांचा पुडा. “शेठ म्हणाले, तुम्ही शोधून काढलं. घ्या, ताई.”

पेढा हातात आला आणि मला तो तोंडात घालता येईना.

“भाऊ, बसा जरा.” मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “हे ठिपके पहिल्या दिवसापासून होते.”

“मग त्या कागदावर?”

“मी काढून टाकले होते.”

“का?”

“आलेख नीट दिसावा म्हणून.”

ते पडद्याजवळ वाकले. एका ठिपक्यावर बोट ठेवून तारीख विचारली. मी सांगितली. “या दिवशी शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, इथे काय सिनेमा बघायला येतो का.” त्यांनी पुड्याची दोरी परत गुंडाळली. “मला सांगून काय उपयोग, मॅडम? मला तर माहीतच होतं.”

ताईची मॅडम झाले होते.

“आईला सांगा,” ते म्हणाले. “तिला तुम्हीच समजावलं होतं ना. ती म्हणते, शिकलेली पोर आहे, ती कशाला खोटं बोलेल.”

रविवारी सकाळी मी लिंबायतला त्यांच्या घरी गेले. मालतीबाई पसरलेल्या साडीवर टिकल्या लावत बसल्या होत्या. ललितभाऊ दारात उभे. सोबत मी काही कागद नेला नव्हता. “मावशी, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. भाऊ खरं बोलत होते. यंत्र खरंच थांबत होतं.”

त्यांनी हातातली टिकली डिंकात बुडवली, पण साडीला लावली नाही. “तवय तुले दिसनं व्हतं का?”

अर्थ तेव्हा कळला नव्हता, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. पण त्यांनी ते विचारलंच नव्हतं.

“दिसलं होतं,” मी म्हणाले. “ते मी काढून टाकलं.”

त्यांनी टिकली बाजूला ठेवली. “मी याले याना पोरनी शपथ घाली व्हती,” त्या म्हणाल्या. “यानी घिदी. तरी मी मानं नही.” ललितभाऊ दारातून बाजूला झाले आणि ओट्यावर जाऊन बसले, पाठ आमच्याकडे करून.

मालतीबाईंनी बोटावरचा वाळलेला डिंक खरवडला. “बाजूनी प्रमिलाबाईले बी सांग. मीच सांगेल शे तिले, मना पोऱ्या खोटं बोलस म्हनीसन.”

“आणखी कोणाला तसं सांगितलं होतं?”

त्या आठवू लागल्या. समोरची पार्वती. गल्लीच्या टोकाची सुषमा, जी धुळ्याला फोन करते. आणि धुळ्याला त्यांचे थोरले दीर, धुडकूअण्णा.

मी चारही नावं लक्षात ठेवली, चपला घातल्या आणि शेजारचं दार वाजवलं.