डिस्क माझी, डबा विहिणीचा

परदेशातून लेकीने पाठवलेली डिस्क संगणकाने तिसऱ्यांदा बाहेर काढली, तेव्हा अक्काच्या घड्याळात पाच वाजायला आले होते. सहाला नातीचा फोन येणार होता. आठ वर्षांची नात तिकडे एका मोठ्या रंगमंचावर बदक झाली होती. त्या नाटकाची रीतसर डिस्क निघाली होती आणि कार्टीने बजावलं होतं, "आजी, सात बदकं आहेत. मी कितवं ते तूच ओळखायचं!" अक्का जगाला थापा मारील, पण नातीला नाही.

अक्काने शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काजं केली. शाळा दुसरीपर्यंत. जीभ अशी, की मागे सगळे तिला 'कात्री' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

"भागाचा घोळ आहे, आई," संगणकापुढे बसलेला मुलगा म्हणाला. "कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडलेत. एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या यंत्रावर चालू द्यायची नाही. आपल्या यंत्राचा भाग बदलता येतो, पण सगळं मिळून पाचच वेळा. ताईच्या डिस्का बघायला तिकडचा केला, तुझ्या सिनेमांसाठी परत इकडचा, असं दोनदा झालं. चार संपले. हा शेवटचा."

"आणि मग?"

"मग यंत्र कायमचं तिकडचं. तुझे कपाटातले बावीस सिनेमे मुके."

नातीपुढे बावीस सिनेमे काय चीज! तरी मुलाचं बोट बटणाकडे गेलं, तसं अक्काने त्याचं मनगट धरलं.

"थांब रे शहाण्या. मागल्या खेपेला हे यंत्र काय म्हणालं होतं?"

"ही डिस्क दुसऱ्या भागाची आहे."

"आणि आज?"

"डिस्क घाला."

"आत डिस्क असून? अरे, याला परका पाहुणा नको असं नाही. याला पाहुणाच दिसत नाहीये!"

तिने जुन्या डिस्कची डबी आणि ही नवी डबी शेजारी ठेवल्या. "जुनीवर पृथ्वीच्या चित्रात आकडा आहे. हिच्यावर अक्षर. दुसरीपर्यंतच शिकले मी, पण आकडा कुठला नि अक्षर कुठलं, एवढं कळतं मला."

मुलाने कपाळावर हात मारला. "ब्लू-रे! अगं, दिसायला सारखीच, पण हिच्यावरच्या खुणा फार बारीक. आपल्या यंत्राचा तांबडा किरण जाड पडतो. हिला निळा लागतो."

"म्हणजे दाभणाने मलमल शिवायला निघाला होतास. वर शेवटचं बटणही दाबणार होतास!"

मुलगा हसला. निळ्या किरणाने डिस्क दाखवणारा डबा दोन गल्ल्या पलीकडे होता, विहीणबाईंकडे. जावयाने तिकडून येताना आपल्या आईला आणून दिलेला. तिकडचाच डबा, तिकडचीच डिस्क, तेव्हा अक्षरही जुळणार. पण विहीणबाईंच्या उंबऱ्याला अक्काने नऊ वर्षं पाय लावला नव्हता. लेकीच्या लग्नाचं पोलकं अक्काने शिवलं, आणि त्याची बटणं लावताना विहीणबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "काजं जरा घट्टच झालीत."

घड्याळाचा काटा पुढे सरकला. अक्काने चपला घातल्या.

दार उघडून विहीणबाई बघतच राहिल्या. "अगंबाई! सूर्य कुठे उगवला?"

"निळा उगवलाय. डबा आहे ना?"

"आहे की, मेला! दोन वर्षं झाकून ठेवलाय. इथली निळी डिस्क एक घेत नाही. भाग जुळत नाही म्हणे."

डिस्क आत गेली. पडद्यावर पाटी आली, नक्कल करणं हा गुन्हा आहे. मग तीच पाटी दुसऱ्या भाषेत, मग तिसऱ्या. विहीणबाईंनी रिमोट दाबदाबून पाहिला.

"अहो, पुढे जाईना!"

"जायचीच नाही. डिस्कमध्येच हुकूम भरलाय तसा. तुमच्या तक्रारींसारखं आहे हे. पुरतं ऐकल्याशिवाय सुटका नाही."

विहीणबाई तोंड वाकडं करणार, तोच रंगमंच उजळला. सात पिवळी बदकं ओळीने निघाली. पाचवं भरकटलं, तसं सहाव्याने त्याला पंखाने ढोसून रांगेत आणलं आणि वर डोळे वटारले.

"सहावं!" दोघी एकदम ओरडल्या.

"तुमच्यावर गेलीय," विहीणबाई म्हणाल्या.

"स्वभाव माझा. चाल बघा, तुमचीच!"

विहीणबाई हसता हसता पलंगावर कलंडल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, काजं बरोबर होती तेव्हा. बोटंच जाड होती माझी."

अक्का सरकून त्यांच्याशेजारी पलंगावर बसली. अक्काच्या पिशवीतला फोन वाजला. "आजी, कितवं?" पलीकडून आवाज आला, आणि दोन आज्यांनी एका फोनला तोंड लावून 'सहावं' असं ठणकावलं. पलीकडे टुणटुण उड्यांचा आवाज.

निघताना विहीणबाईंनी विचारलं, "मुलाला सांगून मला एक नक्कल काढून द्या ना."

"निघत नाही. आतलं चित्र कुलपात असतं आणि किल्ली डब्याच्या पोटात. चित्र दाखवतो, पण किल्ली कोणाच्या हाती देत नाही."

"मग डिस्क तरी ठेवा इथे."

"वा! डबा तुमचा, डिस्क माझी." अक्काने डिस्क पिशवीत घातली. पायरी उतरून मागे वळली. "उद्या चारला येते. चहा टाकून ठेवा, आणि नऊ वर्षांच्या तक्रारीही काढून ठेवा. त्या पाटीसारख्या पुरत्या ऐकायच्यात मला."